रायफलच्या काडतुसात पावडर कमी भरली की धोकाही कमी होतो का?

बजाजनगरकर

नमस्कार मंडळी. मुलगा टेक्सासला असतो. तिथे रायफलची काडतुसं घरच्या घरी पुन्हा भरायला मुभा आहे आणि तो ती भरतो. रायफल बोल्टची (हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस चढवायची), .३०८ विंचेस्टर. आता सूनबाईंना शिकायचं आहे, पण पूर्ण भाराच्या काडतुसाचा धक्का त्यांना सोसवत नाही. म्हणून पावडर जवळपास अर्ध्यावर आणायचं त्याच्या मनात आहे.

त्याचं गणित सरळ आहे: पावडर कमी, म्हणून वायू कमी, म्हणून दाब कमी, म्हणून धोका कमी. वरची मर्यादा सगळे सांगतात, खालची कोण सांगतं, असं तो विचारतो. मी बॉयलरवर नोकरी काढलेला माणूस. त्याचं म्हणणं वरवर पटतं, पण अर्ध्या रिकाम्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) पावडर नीट पेटणार कशी, हा किडा डोक्यातून जात नाही.

त्याच्याकडे पावडरचे दोन डबे आहेत. एक एच ४८९५, अर्ध्याच्या खाली आलेला. दुसरा एच ४८३१, जवळपास भरलेला, त्याच्या दुसऱ्या .२७० रायफलसाठी आणलेला. ४८३१ भरपूर आहे आणि हळू जळते, म्हणजे आणखी मऊ, म्हणून तीच २२ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) घालून दहा काडतुसं त्याने भरूनही ठेवली आहेत. अजून उडवलेली नाहीत. केसमधली मोकळी जागा कापसाने भरावी असंही त्याला कोणीतरी सांगितलंय.

ही दहा काडतुसं उडवावीत का? नसतील तर हलकं काडतूस भरायची बरोबर रीत कोणती?

दाबमापक

काका, आधी उत्तर, कारण नंतर. ती दहा काडतुसं उडवायची नाहीत. आज रात्रीच त्याला फोन करा.

तुमच्या डोक्यातला किडा बरोबर जागी वळवळतो आहे. खालची मर्यादा असते. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमध्ये 'सुरुवातीचं माप' म्हणून जो आकडा छापलेला असतो तो नवशिक्यांसाठीचा भित्रा सल्ला आहे असं पुष्कळांना वाटतं. हळू जळणाऱ्या पावडरींच्या बाबतीत तो तळही असतो.

धूर न करणारी पावडर बंद जागेत स्फोटकासारखी एका क्षणात फुटत नाही, ती दाण्याच्या पृष्ठभागावरून आत आत जळत जाते. चिमूटभर उघड्यावर पेटवली तर फुसफुसत जळते. तीच केसमध्ये कोंडली की सेकंदाच्या हजाराव्या भागात काम संपवते. फरक दाबाचा. अशी पावडर फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली तयार केली आणि दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो हा नियमही त्यांच्याच नावाने ओळखतात. रायफलमधल्या दाबांना दाब दुप्पट झाला तर जळण्याचा वेगही दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे आग स्वतःच स्वतःला भाता मारते. बॉयलरमध्ये तुम्ही कोळसा कमी टाकला तर वाफ तेवढ्या प्रमाणात कमी होते. इथे तसं प्रमाण राहत नाही, काहून की दाबच कमी पडला तर जळणंच मंदावतं, आणि जळणं मंदावलं की दाब आणखी पडतो.

.३०८ची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. तुमच्या भाषेत सुमारे ४,३५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ४८३१सारखी हळू पावडर मोठ्या केससाठी, जड गोळीमागे आणि काठोकाठ भरून वापरण्यासाठी बनवलेली असते. तिच्या दाण्यांवर आग उशिरा धरावी म्हणून मुद्दाम लेप दिलेला असतो. तो लेप ओलांडायला उष्णता आणि दाब दोन्ही लागतात. २२ ग्रेनला .३०८च्या केसमध्ये ती तळाशी आडवी पडून राहते. प्रायमरची (केसच्या तळातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीची) ज्योत तिच्या डोक्यावरून निघून जाते, थोडे दाणे धरतात, बाकीचे तसेच.

पुढे तीनपैकी एक काहीतरी होतं.

पहिलं, उशिरा पेट. खटका ओढला, टक् झालं, काही नाही, आणि मग धाड. दिवाळीत वात विझली म्हणून सुतळी बॉम्बजवळ वाकणाऱ्या पोरासारखी गत. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा.

दुसरं, गोळी नळीत अडकते. अर्धवट जळलेल्या पावडरीचा जोर गोळीला आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) ढकलायला पुरतो, बाहेर काढायला पुरत नाही. तांब्याच्या जॅकेटची गोळी आट्यांत घट्ट बसते, शिशाची त्या मानाने सहज सरकते. म्हणून अगदी कमी वेगाचे भार जॅकेटच्या गोळीने करू नयेत. आणि अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते.

तिसरं दुर्मिळ, पण सगळ्यांत वाईट. कमी भारातून अचानक प्रचंड दाब. मोठी केस, बारीक नळी आणि हळू पावडरचा अर्धवट भार, अशा मेळात रायफली फुटल्याच्या नोंदी आहेत. .२५-०६ किंवा .२६४ विंचेस्टर मॅग्नमसारखी काडतुसं यात नेहमी निघतात. एक स्पष्टीकरण असं की प्रायमरच्याच धक्क्याने गोळी केसमधून सुटते, आट्यांच्या तोंडाशी जाऊन थांबते, आणि पावडर खरी पेटते तेव्हा तिच्यापुढे चालती गोळी नसून बूच असतं. दुसरं असं की अर्ध्या रिकाम्या केसमध्ये दाबाच्या लाटा पुढेमागे आपटतात. प्रयोगशाळेत हे हुकमी घडवून आणता येत नाही, म्हणून वाद चालू आहे. पण 'हुकमी घडत नाही' याचा अर्थ 'घडत नाही' असा नव्हे. नऊ काडतुसं व्यवस्थित उडतील आणि दहावं बोल्टसकट तोंडावर येईल, हाच तर यातला ताप.

तेव्हा ४८३१ हलक्या भारासाठी बाद. 'हळू म्हणजे मऊ' हे डोक्यातून काढायला सांगा. हळू पावडर कमी भरली की ती मऊ होत नाही, बेभरवशाची होते.

ताजवा

वरच्या प्रतिसादात काय करू नये ते आलं, मी काय करावं ते सांगतो. त्याच्याजवळचा दुसरा डबा नेमका कामाचा आहे.

एच ४८९५बद्दल ती विकणाऱ्या हॉजडन कंपनीनेच नियम दिलेला आहे: त्यांच्या मॅन्युअलमध्ये त्या काडतुसाला आणि त्या गोळीला एच ४८९५चं जे कमाल माप छापलं असेल, त्याला ०.६ने गुणायचं. तो तळ. तिथून सुरुवात, गरज पडली तर वर जायचं, खाली नाही. ही पावडर कमी भरली तरी एकसारखी पेटते म्हणून तिलाच ही सूट आहे. समजा पुस्तकात कमाल ४५ ग्रेन आहे, तर ४५ गुणिले ०.६ म्हणजे २७ ग्रेन. हा ४५ मी हिशोबासाठी घेतला आहे. त्याने स्वतःच्या गोळीचा आकडा चालू मॅन्युअलमधून घ्यावा, माझ्या किंवा कुणाच्याही प्रतिसादातून नाही.

इथे लोक घसरतात ती जागा: नाव सारखं, पावडर वेगळी. आयएमआर ४८९५ ही निराळी पावडर. ६० टक्क्यांचा नियम एच अक्षरवाल्या डब्याचा आहे. डबा समोर घेऊन झाकणावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचावं, एवढं साधं. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. ४८३१चा कपाटात.

उलट्या बाजूचं उदाहरणही ऐकून ठेवा. एच ११० आणि विंचेस्टर २९६ या पावडरींना छापलेल्या मापाखाली ३ टक्क्यांपेक्षा जास्त उतरू नका असं तीच कंपनी सांगते. एका पावडरला ४० टक्के खाली जायची सूट, दुसरीला ३. म्हणून 'पावडर कमी करणं सुरक्षित आहे का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठली पावडर, हे आधी विचारायचं.

आता दुप्पट भाराची गोष्ट. हलक्या भारासाठी पुष्कळ लोक पिस्तुलाची किंवा शॉटगनची जलद पावडर वापरतात, बारा-तेरा ग्रेन वगैरे. ती पेटते छान, पण .३०८च्या केसमध्ये पाणीच सुमारे ५६ ग्रेन मावतं. बारा ग्रेनने तळ जेमतेम झाकतो. चुकून दोनदा पडली तर चोवीस, तीही आरामात बसते, वरून गोळी दाबली की पत्ताच नाही. आणि जलद पावडरचा दुप्पट भार रायफल फोडतो. एच ४८९५चे २७ दोनदा पडले तर ५४ होतात, दाणे पाण्यासारखे गच्च बसत नाहीत म्हणून केसमध्ये मावत नाहीत, सांडतात. सांडलेलं दिसतं. मोठ्या मापाचा हा फायदा सगळ्यांत महत्त्वाचा, माझ्या मते पेट घेण्याइतकाच.

ट्रेल बॉस नावाची पावडर याच विचाराने बनवलेली, दाणे मधे भोक असलेले, मेदूवड्यासारखे, त्यामुळे वजन थोडं आणि जागा भरपूर. तिची रीत अशी की गोळीचा तळ जिथपर्यंत येतो तिथवर केस भरायची, ते वजन म्हणजे कमाल, त्याच्या ७० टक्क्यांवरून सुरुवात. दाबून कधीच भरायची नाही. पण ती गेली काही वर्षं मिळायला अवघड आहे, त्यामुळे त्याला ४८९५च सोपी.

टेबलावरची रीत सांगतो.

प्रायमर बसवलेल्या सगळ्या केसेस आधी लाकडी ठोकळ्यात तोंड खाली करून ठेवायच्या. एक उचलायची, तोंड वर, भरायची, दुसऱ्या ठोकळ्यात ठेवायची. भरलेली आणि रिकामी एका ठोकळ्यात कधी नाहीत. सगळ्या भरून झाल्या की टॉर्च घेऊन वरून ओळीने बघायचं: पावडरची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एखादी वर-खाली वाटली तर ती ओतून पुन्हा तोलायची. गोळी बसवायची ती यानंतरच. मधे फोन आला तर हातातली केस ओतून टाकायची आणि नव्याने तोलायची, 'बहुतेक भरली होती' चालत नाही.

४८९५चे दाणे लांबुडके असतात, माप टाकणाऱ्या यंत्रात आडवे अडकतात. एका केसमध्ये कमी पडतं आणि अडकलेलं पुढच्या केसमध्ये जातं. पूर्ण भारात दोन-चार दशांश ग्रेन इकडेतिकडे झाले तर फार बिघडत नाही, हलक्या भारात प्रत्येक माप काट्यावर घ्यावं. काटा आधी खात्रीच्या वजनाने तपासायचा, आणि तपासायचं वजन मोजायच्या वजनाजवळचं हवं: २७ ग्रेन म्हणजे पावणेदोन ग्रॅम, मग ५० ग्रॅमचं वजन ठेवून काटा बरोबर आहे म्हणण्यात अर्थ नाही, २ ग्रॅमचं ठेवा. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. आणि काटा ग्रेनवरच आहे ना, ग्रॅमवर गेलेला नाही ना, हेही बघा.

वारा बंद. आपल्याकडे मे महिन्यात कूलरसमोर ठेवलेला काटा एका जागी ठरत नाही हे किराणा दुकानातही दिसतं, त्याच्याकडे छताचा पंखा आणि एसीचा झोत असेल. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नरसाळ्याला दाणे चिकटून बसतात, तेही बघावं. चिकटलेले आठ-दहा दाणे पुढच्या केसमध्ये एकदम पडतात.

प्रायमर मॅन्युअलमध्ये त्या भाराला सांगितलेलाच. पेट नीट होत नाही म्हणून जास्त जोराचा मॅग्नम प्रायमर लावून बघू, असं करायचं नाही. पावडर चुकली असेल तर ती चूक प्रायमरने दुरुस्त होत नाही.

कापसाबद्दल मी काही लिहीत नाही, राग येतो.

रामटेकचा_पोट्टा

ताजवा भाऊ, राग कायचा? जुने लोक केसमध्ये सावरीचा कापूस भरायचे असं मी वाचलंय. पावडर प्रायमरला चिकटून राहते, पेट सारखा होतो. मग चूक काय?

दाबमापक

कारण खरं आहे, उपाय वाईट आहे. सावरीचा कापूस किंवा पॉलिस्टरचा पुंजका वापरणारे लोक आहेत आणि पावडर मागे राहिली की वेग सारखा येतो हेही बरोबर. पण पुंजका पावडर आणि गोळी यांच्या मधे मोकळी जागा ठेवून बसला, तर तो वेगाने पुढे जाऊन गोळीच्या तळावर आपटतो, आणि तेवढ्या जागी चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आतून कडं पडल्यासारखं फुगतं. नंतर केस अडकायला लागते, नळी बदलावी लागते. शिवाय भरलेल्या प्रत्येक गोष्टीने केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो, आणि तो किती वाढेल हे छापलेल्या आकड्यांत नसतं. साधा कापूस तर आणखी वाईट, जळत जळत नळीबाहेर येतो आणि वाळल्या गवतावर पडतो.

एच ४८९५ला कशाचीही गरज नाही. गरज असलेली पावडर घेऊन मग तिला टेकू लावण्यापेक्षा गरज नसलेलीच घ्यावी.

पावडर कुठे पडलेली आहे याचा परिणाम मात्र बघण्यासारखा असतो. वेग मोजायचं यंत्र असेल तर त्याने पाच काडतुसं नळी आधी खाली झुकवून मग सावकाश आडवी करून उडवावीत, पाच नळी आधी वर करून. दोन्हींच्या वेगात जेवढा फरक, तेवढा तो भार पावडरच्या जागेवर अवलंबून. फरक मोठा आला तर ६० टक्क्यांवर अडून न बसता ६५, ७० करत वर यावं. धक्का थोडा वाढेल, पण भार शहाणा होईल.

बजाजनगरकर

सगळ्यांचे आभार. मुलाशी बोललो, ४८३१ची काडतुसं बाजूला ठेवली आहेत. त्याने रात्री जागून एच ४८९५ची पाच भरली, १२५ ग्रेनच्या गोळीमागे, पुस्तकातल्या मापाच्या ६० टक्के, आणि आज रेंजवर उडवली. पाचही लागली. पण रिकाम्या केसेसचा फोटो पाठवलाय, त्यात दोन गोष्टी आहेत. केसच्या मानेवर (गोळी धरणारा अरुंद भाग) आणि खांद्यावर (मानेखालचा उतार) काजळी. आणि प्रायमर केसच्या तळाच्या किंचित बाहेर आलेले, बोटाचं नख अडकतं इतके. प्रायमर बाहेर म्हणजे दाब जास्त झाला ना? तो घाबरलाय.

ताजवा

नाही काका, उलट. ही दोन्ही दाब कमी असल्याची चिन्हं आहेत.

काजळी आधी. पूर्ण दाबात पितळी केस चेंबरच्या भिंतीला फुगून घट्ट बसते, वायू मागे येऊ शकत नाही. दाब कमी पडला की केस तेवढी फुगत नाही, मान आणि भिंत यांच्या फटीतून वायू मागे सरकतो, काळं करतो. थोडी काजळी चालते. काजळी केसच्या अंगावर खालपर्यंत उतरत असेल तर भार वाढवायला हवा.

प्रायमरचं असं: घोड्याची सुई आणि प्रायमरचा स्फोट केसला पुढे ढकलतात आणि प्रायमरला मागे, बोल्टच्या तोंडापर्यंत. पूर्ण भारात पुढच्याच क्षणी दाब केसला मागे खेचून बोल्टवर आपटवतो, आणि बाहेर आलेला प्रायमर पुन्हा आपल्या जागी दाबला जातो. म्हणून एरवी आपल्याला तो दिसतच नाही. हलक्या भारात केसला मागे आणायला दाब पुरत नाही, प्रायमर बाहेरच राहतो.

आता महत्त्वाचं. .३०८ची केस चेंबरमध्ये खांद्यावर अडून बसते. प्रत्येक हलक्या उडवणीत तो खांदा पुढे आपटून थोडा थोडा मागे बसतो. चार-पाच वेळा हलक्या भाराला वापरलेली केस खांद्याशी आखूड होते, म्हणजे बोल्ट आणि केस यांच्यात फट वाढते. तीच केस नंतर पूर्ण भाराला वापरली तर पितळ ती फट भरायला ताणलं जातं, तळापासून थोडं वर पातळ होतं आणि एके दिवशी केसचं बूड तुटून निघतं. गरम वायू मग बोल्टमधून तोंडावर.

तेव्हा हलक्या भाराच्या केसेस कायमच्या वेगळ्या. तळावर न पुसणाऱ्या शाईने हिरवी रेघ, वेगळा डबा, डब्यावर मोठ्या अक्षरात. दर वेळी खांद्यापर्यंतची लांबी मापकाने मोजायची आणि आखूड झालेली फेकायची. काही लोक प्रायमर बाहेर येऊ नये म्हणून केसच्या तळाचं ज्योतीचं भोक मोठं करतात. ते करू नये, आणि कुणी केलेली जुनी केस विकत मिळाली तर ती पूर्ण भाराला अजिबात वापरू नये.

आपल्याकडच्या .३१५ किंवा .३०३च्या केसला तळाशी कड असते, ती कडेवर अडते, खांद्यावर नाही. त्यामुळे तिथे खांदा मागे बसायचा हा त्रास होत नाही. .३०८ला होतो.

रेंजवाली

सूनबाईंच्या बाजूने थोडं.

धक्क्याचा हिशोब केला तर हा उपद्व्याप करण्याजोगा आहे. आठ पौंडांची रायफल धरा. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,८०० फूट वेगाने, मागे ४५ ग्रेन पावडर: धक्का साधारण १५ ते १६ फूट-पौंड. १२५ ग्रेनची गोळी २,००० फुटांवर, मागे २७ ग्रेन: साडेपाच-सहा फूट-पौंड. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. मुलाने हलकी गोळी घेतली ते बरं केलं, थोडा फायदा तिथूनही येतो.

नेम मात्र बदलेल. हलकी काडतुसं पूर्ण भाराच्या जागी लागणार नाहीत, बहुतेक खाली आणि कधी बाजूलाही. दुर्बिणीचे आकडे दोन्हींचे वेगळे लिहून ठेवायचे. सुरुवात २५ किंवा ५० मीटरवर मोठ्या कागदावर. कागद मोठा हवा याला दुसरंही कारण आहे: प्रत्येक गोळीचं भोक दिसलं पाहिजे. भोक दिसलं नाही तर 'नेम चुकला असेल' असं म्हणून पुढचं काडतूस चढवायचं नाही. आवाज फट्ट असा दबका आला, धक्का जाणवला नाही, बोल्ट उघडल्यावर चेंबरमधून धूर आला, यातलं काहीही झालं की थांबायचं. बोल्ट पूर्ण काढून मागून नळीत उजेड बघायचा. उजेड दिसला नाही तर त्या दिवशी रायफल बंद. अडकलेली गोळी पितळी सळईने हळूहळू ढकलून काढायची असते आणि ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं. दुसऱ्या गोळीने पहिली ढकलायची कल्पना कुणाच्या मनातही येऊ नये.

वेग कमी झाला की गोळी गरगरत जाते असं ऐकायला येईल. तसं सरसकट होत नाही. स्थिरता मुख्यतः आट्यांच्या पिळावर ठरते, वेगाचा परिणाम त्याच्या घनमुळाइतकाच: वेग निम्मा केला तरी स्थिरता साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. १२५ ग्रेनची आखूड गोळी .३०८च्या पिळात मजेत जाईल. लांब, जड गोळी आधीच काठावर असेल तर ती आडवी पडते, कागदावर गोल भोकाऐवजी चावीच्या छिद्रासारखं दिसतं.

आणि हे सगळं बोल्टच्या रायफलसाठी. आपोआप भरणाऱ्या रायफलीत हलका भार यंत्रणा फिरवतच नाही. माणूस हाताने बोल्ट मागे ओढून पुढचं काडतूस आत घालतो, आणि मागचं खरंच बाहेर गेलं की नाही हे बघायचं राहून जातं.

काटोल_रोड

मुलाला एक सांगा: सुट्टीत नागपूरला येताना यातलं काहीही बॅगेत नको. पावडर, प्रायमर तर नाहीच, 'बाबांना दाखवायला' रिकामी केससुद्धा नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा या शब्दात त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही धरलेली आहेत, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तिथे छंद असला तरी इथे घरात काडतुसं भरायचा प्रेस ठेवण्याची गोष्टच वेगळी.

इथले कुणी वाचत असतील तर: स्फोटकांचं मुख्य कार्यालय आपल्या शहरात आहे म्हणून लोक तिकडे चकरा मारतात. शस्त्रपरवान्याचं काम शहरात पोलीस आयुक्तालयाकडे असतं, सेमिनरी हिल्सवर नाही.

बजाजनगरकर

समजलं. शेवटचा प्रश्न. ती ४८३१ची दहा काडतुसं फोडायची कशी? आणि त्यातली पावडर डब्यात परत टाकता येईल का?

ताजवा

गोळी उपसायचा हातोडीसारखा साधा पुलर मिळतो. काडतूस त्याच्या डोक्यात उलटं अडकवायचं, लाकडाच्या ओंडक्यावर दोन-तीन ठोके, गोळी आणि पावडर पुढच्या पोकळीत पडतात. डोळ्यावर चष्मा. ओंडका लाकडाचाच, काँक्रीटवर आपटला तर पुलर फुटतो. एका वेळी एकच काडतूस, आणि प्रत्येकानंतर पोकळीत दाणे अडकलेत का ते बघायचं. केसमध्ये जिवंत प्रायमर राहतो, तो काढायच्या भानगडीत पडू नये, तशीच केस पुढच्या भाराला वापरावी.

पावडर डब्यात परत जाऊ शकते, एका अटीवर: ती ४८३१च आहे याची त्याला शंभर टक्के खात्री हवी. त्या रात्री टेबलावर दोन्ही डबे उघडे होते का, एवढं त्याला विचारा. होते म्हणाला, किंवा उत्तर द्यायला थांबला, तर सगळी बाहेर बागेत गवतावर पातळ पसरून टाकायची. दोनशेवीस ग्रेन म्हणजे सव्वाचौदा ग्रॅम पावडर. तेवढ्यासाठी अख्ख्या डब्यावर संशय ओढवून घ्यायचं कारण नाही.